लेस आणि फेटिया

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे एक मोठे गाव आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील ही काळी कसदार जमीन. कापूस हे येथील जुने पीक. गावाच्या आसपास बंजारा समाजाचे तांडे आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी तांड्यावरील माणसे गावात येतात. त्यांतील एखादी वृद्ध स्त्री अजूनही आरशांची कांचळी आणि भरजरी दिसणारा घेरदार फेटिया घालून आलेली दिसते. तिच्या पावलांबरोबर कवड्या, घुंगरू आणि धातूच्या टिकल्या वाजत असतात. आम्ही गावकरी हा आवाज लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि जे रोज ऐकावयास मिळते, त्याकडे मान वळवून पाहण्याची सवय माणसाला सहसा नसते.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सर्वजण आक्का म्हणतो. तिला विणकामाचा विलक्षण नाद. क्रोशाची सुई, म्हणजे टोकाशी बारीक आकडा असलेली लहानशी सळई, तिच्या हातात आली की दोऱ्याचे एकेक वेढे एकमेकांत गुंतत जात आणि पाहता पाहता जाळीदार फूल तयार होई. आमच्या घरी देव्हाऱ्याचा पडदा जाळीचा, उशीच्या अभ्र्यांची कड जाळीची. फार काय, पिण्याच्या पाण्याच्या माठावरही कडेला मणी ओवलेला जाळीचा रुमाल असे. वडील थट्टेने म्हणत, "या घरात आता फक्त भाकरीला लेस लावायची राहिली आहे!"

लेस म्हणजे ज्यात कापडापेक्षा मोकळ्या जागेलाच अधिक महत्त्व असते असे वस्त्र. साध्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांस घट्ट बिलगून बसतात. लेसमध्ये ते वळतात, वेढे घेतात, एकमेकांना ओलांडतात आणि मध्ये मध्ये जागा सोडतात. त्या सोडलेल्या जागांतूनच पाने, फुले, वेली उमटतात. आक्काने कोणे एके काळी एका मासिकात इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या विवाहवस्त्राचे चित्र पाहिले होते. ते चित्र तिने कातरून पेटीत ठेवले होते. "ही लेस एकदा डोळ्यांनी पाहायची आहे," असे ती म्हणे, आणि आम्ही हसत असू.

परंतु तिचा तो योग आला. तिचा मुलगा नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरी राहावयास गेला आणि २०१८ साली उन्हाळ्यात त्याने आईला बोलावून घेतले. तेथे पोहोचल्यावर इतर प्रवासी लंडनचा पूल आणि राजवाडा पाहावयास जातात, आक्काने मुलाला सांगितले, "मला आधी होनिटनला ने."

होनिटन हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यातील एक लहानसे गाव आहे. तेथील एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या इमारतीत लेसचे संग्रहालय आहे. तेथे एक बाई मांडीवर उशी घेऊन काम करून दाखवीत होत्या. ही उशी निजावयाची नव्हे. ती गवताने इतकी ठासून भरलेली असते की, तिला टाचणी लावली तर टाचणी ताठ उभी राहते. उशीवर नक्षीचा कागद बसवितात. त्या कागदावर आधीच बारीक छिद्रे पाडलेली असतात. छिद्राछिद्रांत टाचण्या खोवतात आणि त्या टाचण्यांच्या आधाराने दोरे फिरवितात. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बारीक कांडी असते. या कांड्या जोडीजोडीने चालतात. मौज अशी की, एवढ्या गुंतागुंतीच्या कामात हाताच्या मूळ हालचाली दोनच: एक कांडी दुसरीवरून ओलांडून नेणे आणि जोडीतील कांड्यांना पीळ देणे. बाकी सारे वैभव या दोन हालचाली कोणत्या क्रमाने आणि किती वेळा करावयाच्या, यावर अवलंबून असते.

आक्का तेथे दोन तास उभी होती. त्या दोन तासांत त्या बाईंच्या उशीवर एक पान पुरे झाले नव्हते.

त्या बाईंनी आक्काला राणीच्या लेसची हकीकत सांगितली. १८३९ साली होनिटनजवळच्या बिअर नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात आणि आसपास सुमारे दोनशे स्त्रियांनी कित्येक महिने खपून ती लेस तयार केली. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणीचा विवाह झाला. त्या काळी यंत्रांवरची स्वस्त जाळी बाजारात आली होती आणि हाताने लेस करणाऱ्या बायकांची उपासमार होत होती. राणीने परदेशची लेस न घेता आपल्या देशातील या खेडवळ बायकांची लेस अंगावर घातली, त्यामुळे त्या धंद्याला काही काळ तरी ऊब मिळाली.

येथे मला थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. लेस पाहताना आपल्याला राणी दिसते; ती करणारी दिसत नाही. इंग्लंडच्या ज्या ज्या भागांत हा धंदा होता, तेथे खेडोपाडी 'लेसच्या शाळा' असत. नाव शाळेचे, पण तेथे वाचन-लेखन थोडे आणि लेस फार. पाच-सहा वर्षांची मुले एखाद्या झोपडीत दाटीवाटीने बसून दिवसभर कांड्या फिरवीत. काम मंदावू नये आणि टाचण्यांची मोजणी चुकू नये म्हणून ती एका सुरात गाणी म्हणत. संध्याकाळी एकच मेणबत्ती मध्यभागी ठेवून तिच्या भोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू मांडीत. चंबूतील पाण्यातून प्रकाश एकवटे आणि त्याचा लहानसा कवडसा प्रत्येकीच्या उशीवर पडे. युक्ती मोठी चतुर खरी. पण त्या कवडशात डोळे ताणणाऱ्या मुली तुमच्यापेक्षाही लहान होत्या. शिवाय अनेक व्यापारी मजुरी रोख न देता आपल्याच दुकानातील चहा, पीठ, कापड अशा जिनसांत देत, आणि त्यांची किंमतही स्वतःच ठरवीत. लेस नाजूक होती. तिचा हिशेब नाजूक नव्हता.

होनिटनहून आक्का नॉटिंगहॅमला परत आली. त्या शहरातील एका भागाला आजही 'लेसचा बाजार' म्हणतात. तेथे लाल विटांच्या उंच उंच वखारी उभ्या आहेत. या वखारी हाताने केलेल्या लेसने भरल्या नव्हत्या; त्या यंत्राने भरल्या. जॉन हीथकोट नावाच्या एका तरुण कारागिराने लेस करणाऱ्या बायकांची बोटे बारकाईने पाहिली. कोणता दोरा सरळ जातो आणि कोणता तिरका वेढा घेतो, याचा त्याने विचार केला. अर्धे दोरे उभे ताणून ठेवावे आणि उरलेले त्यांच्याभोवती फिरवावे, ही युक्ती त्याला सुचली. १८०९ साली त्याने आपल्या यंत्राचा हक्क नोंदविला. बायका उशीवर जी जाळी महिनोन् महिने विणीत, ती आता वारावर निघू लागली. १८१६ साली एके रात्री लफबरो गावातील त्याच्या कारखान्यात यंत्रविरोधी कामगारांची टोळी घुसली आणि तिने पंचावन्न यंत्रे फोडून टाकली. हीथकोट गाव सोडून दूर डेव्हनमधील टिव्हर्टन येथे गेला. त्याचे कितीतरी कामगार त्याच्यामागून शेकडो मैल चालत तेथे गेले. नशिबाचा खेळ पाहा: ज्या परगण्यातील बायकांच्या बोटांचे काम यंत्राने घेतले, त्याच परगण्यात ते यंत्र नांदावयास आले.

परतण्यापूर्वी आक्काने एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक कांडी विकत घेतली. ती मध्य इंग्लंडकडील होती. होनिटनच्या कांड्या लाकडाच्या, साध्या आणि टोकदार असतात. ही कांडी हाडाची होती आणि तिच्या खालच्या टोकाला तारेत ओवलेले काचमण्यांचे लहानसे कडे होते. ते कडे शोभेसाठी असावे, असे आक्काला वाटले. ती कांडी रुमालात गुंडाळून ती फुलसावंगीला घेऊन आली.

आल्यावर तिने मला एक प्रश्न विचारला. "तिकडच्या एका बाईने मला विचारलं, तुमच्या गावाकडे सुईदोऱ्याचं काय काम चालतं? मी क्रोशाचं नाव सांगितलं. पण क्रोशा तर साहेबांच्या बायकांनी आणि मिशनच्या शाळांनी आपल्याकडे आणलेला. आपल्या गावचं असं काय रे?" मी उत्तर देणार, इतक्यात रस्त्यावरून तोच आवाज आला: कवड्या आणि घुंगरू. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या तांड्यावर गेलो. तेथील कित्येक घरांतील मुले माझ्या हाताखाली शिकली असल्यामुळे वाट अनोळखी नव्हती. एका ओसरीवर सत्तरी ओलांडलेली एक वृद्धा बसली होती. बंजारा भाषेत आईला 'याडी' म्हणतात. "राम राम, याडी," मी म्हणालो. "या गुरुजी," ती म्हणाली आणि तिने नातीला पाणी आणावयास पिटाळले.

बंजारा लोकांचा इतिहास थोडक्यात तरी तुम्हांस ठाऊक असावा. रेल्वे आणि पक्के रस्ते नव्हते तेव्हा या देशातील धान्य आणि मीठ हे लोक बैलांच्या पाठीवर लादून गावोगाव पोहोचवीत. मिठाला संस्कृतात 'लवण' म्हणतात. 'लमाण' हे त्यांचे दुसरे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. मोठमोठ्या फौजांना रसद पुरविणारेही हेच लोक. पुढे १८५३ साली मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि हळूहळू लोहमार्ग देशभर पसरले. बैलांच्या पाठीवरचे ओझे आगगाडीने उचलले. त्याबरोबर बंजाऱ्यांची भाकरीही उचलली. इतकेच झाले असते तरी पुरे होते. परंतु १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि पुढे त्याच्या जोरावर अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्यांत कित्येक ठिकाणचे बंजारेही होते. हा कलंक स्वतंत्र भारतात १९५२ साली पुसला गेला. याच समाजात, आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी, १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

सतत वाटेवर असणाऱ्या माणसाला घर सजविता येत नाही. भिंत नाही, तर चित्र कशावर काढावे? बंजारा स्त्रीने आपली सारी चित्रे कापडावर काढली आणि ती अंगावर घातली किंवा बैलाच्या पाठीवर पसरली. बैलांच्या झुली, पैशांचे बटवे, डोक्यावरील घागरीखाली ठेवावयाची चुंबळ आणि तिच्यामागे पाठीवर रुळणारा कापडी पट्टा, या सर्वांवर भरतकाम असे.

याडीने पेटी उघडली आणि आपला फेटिया बाहेर काढला. जाड सुती कापड, रंग मूळचा लाल. कमरपट्ट्यावर तसूभरही जागा रिकामी नव्हती. चौकोन, त्यांत तिरके चौकोन, त्रिकोणांच्या रांगा, मध्ये आरसे आणि कडेला कवड्या. आक्काने चष्मा सरसावला आणि विचारले, "नक्षीचा कागद कुठे असतो?"

"कागद कशाला?" याडी म्हणाली. "कापडाचे धागे मोजायचे."

आक्का चकित झाली. इंग्लंडात नक्षी आधी कागदावर टोचून घेत. येथे ती कापडाच्या ताण्याबाण्यात मोजून घेतात. तीन धागे सोडून सुई खाली, तीन धागे सोडून वर. एका धाग्याची चूक झाली तर पुढची सारी रांग तिरकी जाते. आरसा बसविण्याचीही रीत विचारात घेण्याजोगी आहे. काचेला छिद्र नसते. म्हणून आधी काचेवरून आडवेउभे चार दोरे ताणून तिला जखडतात, मग त्या दोऱ्यांना धरून सभोवार टाके घालीत जातात. टाके जसजसे आवळतात, तसतसे मधले दोरे कडेला ओढले जातात आणि काच मोकळी होऊन चमकू लागते.

मग आक्काने रुमालातून ती हाडाची कांडी काढून याडीच्या हातावर ठेवली. याडीने ती उलटसुलट पाहिली. टोकाचे मणी बोटाने झुलविले आणि म्हणाली, "हे वजनासाठी आहे."

"ते कसं?"

"दोरा ताणलेला राहावा म्हणून. आमच्या कवड्या काय नुसत्या शोभेच्या? ओढणीच्या काठाला वजन नसेल तर वाऱ्याने उडून जाईल. डोक्यावर घागर, काखेत पोर. ओढणी धरायला तिसरा हात कुठून आणणार?"

आक्का हसू लागली. आमच्या माठावरच्या रुमालाला तिने स्वतः पन्नास वर्षे मणी ओवले होते, ते याचसाठी; आणि हजारो मैल जाऊन आणलेल्या कांडीच्या बाबतीत मात्र तिला ते सुचले नव्हते!

मी विचारले, "याडी, असे फेटिये किती होते तुमच्याकडे?"

"तीन. एक सासूबरोबर गेला. एक विकला." भांडीवाले तांड्यावर फिरत येत आणि जुन्या भरतकामाच्या बदल्यात स्टीलची भांडी देत. शहरांतून त्या कपड्यांच्या पिशव्या आणि उशांची आवरणे होत. याडीने मात्र भांडी घेतली नव्हती. तिने रोख पैसे मागितले होते, आणि त्या पैशांतून मुलाची परीक्षेची फी भरली होती. तो मुलगा आज शिक्षक आहे. असा फेटिया विकावयास नको होता, असे म्हणण्यास माझी जीभ रेटली नाही. किंमत मात्र फारच कमी मिळाली होती. घेणाऱ्याला त्या वस्तूचे मोल ठाऊक होते, देणारीला बाजार ठाऊक नव्हता. होनिटनच्या बायकांची गोष्ट मला तेथे पुन्हा आठवली.

पेटीच्या तळाशी कापडाचा एक चौकोनी तुकडा होता. वीतभर लांब, वीतभर रुंद. निळ्या कापडावर पिवळ्या आणि पांढऱ्या दोऱ्याचे काम, मधोमध एक आरसा. याडीने तो माझ्यापुढे ठेवला. "हा ओळखता, गुरुजी?"

मी ओळखला. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शिक्षक होतो. कार्यानुभवाच्या परीक्षेसाठी मुलींनी रुमालावर गुलाबाचे फूल भरून आणावे, असे ठरले होते. याडीच्या मुलीने गुलाब आणला नाही. ती हा तुकडा घेऊन आली. आईजवळ बसून तिने तो महिनाभर खपून केला होता. नेमून दिलेले काम नाही म्हणून तिला पस्तीसपैकी नऊ गुण मिळाले. गुणपत्रकावर सही माझी होती. मी तो तुकडा हातातही घेतला नव्हता. त्या वर्षानंतर ती मुलगी शाळेत आली नाही. कारणे आणखीही होती, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. ती होतीही. पण त्या ओसरीवर तो तुकडा हातात घेतला तेव्हा मी त्यातील धागे मोजले. एकाही ठिकाणी मोजणी चुकलेली नव्हती.

मी याडीला तसे सांगितले. ती काही बोलली नाही. तिने तुकडा परत घेतला आणि घडी घालून ठेवला.

बंजारा भरतकाम आता सर्वत्र अस्ताला चालले आहे, असे मात्र समजू नका. कर्नाटकातील सांडूर येथे लंबाणी स्त्रियांचे एक कलाकेंद्र अनेक वर्षांपासून चालू आहे. तेथील भरतकामाला त्या भूमीची खूण म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. २०२३ साली हंपी येथे लंबाणी भरतकामाच्या १७५५ वस्तू एकत्र मांडण्यात आल्या, तेव्हा त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. आमच्या जवळ, वाशीम जिल्ह्यात, संत सेवालाल महाराजांचे पोहरादेवी हे क्षेत्र आहे. रामनवमीला तेथे मोठी यात्रा भरते. २०२४ साली तेथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालयही उघडले. आक्का ते पाहून आली आहे.

परंतु काचेच्या कपाटातील फेटिया पाहून टाका येत नाही. हे आक्काला कोणी सांगावयास नको होते. त्या पहिल्या भेटीनंतर ती दर गुरुवारी तांड्यावर जाऊ लागली. सोबत याडीची नातही बसते. ती सातवीत आहे. निळा तुकडा तिच्या पुढ्यात असतो आणि ती त्यावरून धागे मोजते. आक्का तिच्या शेजारी बसते. बासष्ट वर्षे विणकाम केलेल्या बोटांना हा टाका नवा आहे. पहिल्या दिवशी तिची ओळ चौथ्या चौकोनापाशी वाकडी गेली. याडीने कापड हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, सुईने चुकलेला धागा दाखविला आणि म्हणाली, "उकला, बाई." संध्याकाळपर्यंत ती ओळ चार वेळा उकलली गेली.

अभ्यास

१. लेस करणाऱ्या बाईंच्या हाताच्या दोन मूळ हालचाली कोणत्या? दोन दोरे आणि चार कांड्या (किंवा पेन्सिली) घेऊन त्या करून पाहा.

२. आगगाडी आल्यामुळे बंजारा लोकांवर आणि हीथकोटच्या यंत्रामुळे लेस करणाऱ्या स्त्रियांवर काय परिणाम झाला? दोहोंत तुम्हांस कोणता फरक दिसतो?

३. 'लेस नाजूक होती. तिचा हिशेब नाजूक नव्हता.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

४. याडीने फेटिया विकला, हे तुम्हांस योग्य वाटते काय? का?

५. तुमच्या घरी आजीने किंवा आईने हाताने केलेली एखादी वस्तू असेल. ती कशी केली, हे त्यांना विचारून दहा ओळी लिहा.